मुंबईहून जर्मनीला फिरायला जातोय. न्युर्बुर्गरिंगच्या रेसट्रॅकवर स्पोर्ट्स कार चालवणं झेपेल का?

झेपेल. जरूर जा. तुम्ही लिहिलंय की आठ वर्षं गाडी चालवताय, पण सगळी मुंबईत आणि पुणे एक्स्प्रेसवेवर. रेसट्रॅकवर कधीच नाही, आणि मनात थेट पोर्शे भाड्याने घ्यायचं आहे. मला त्या पोर्शेबद्दलच बोलायचंय, कारण 2023च्या जूनमध्ये मी गेले तेव्हा माझ्याही डोक्यात तीच होती. दोन दिवसांत आठ फेऱ्या मारल्या. सहा स्विफ्टमध्ये, दोन पोर्शे केमनमध्ये. पुन्हा गेले तर आठच्या आठ स्विफ्टमध्ये मारेन.

हो, स्विफ्ट. आपल्या सोसायटीत दर चौथी गाडी असते तीच. रिंगजवळच्या गावांत ट्रॅकसाठीच गाड्या भाड्याने देणारी दुकानं आहेत आणि त्यांच्याकडे नवख्यांसाठी अशा छोट्या गाड्या तयार करून ठेवलेल्या असतात. आत लोखंडी पिंजरा, अंगाला घट्ट धरणाऱ्या सीट, चांगले टायर, चांगले ब्रेक. इंजिनाची ताकद मात्र बेताची.

'ट्रॅक' या शब्दाने आपली फसगत होते. आपल्या डोळ्यांसमोर ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट येतो, म्हणजे पाच किलोमीटरच्या थोडा वर, चुकलात तर बाजूला भरपूर मोकळी जागा. नॉर्डश्लाइफे, म्हणजे न्युर्बुर्गरिंगचा जुना उत्तरेचा भाग, 20.832 किलोमीटरचा आहे. चर्चगेटहून लोकलने जवळजवळ अंधेरीपर्यंत जावं इतकं अंतर, आणि ते सगळं आइफेलच्या डोंगरात, झाडीतून. 1927 साली तो सुरू झाला आणि अजून बराचसा त्याच वाटेने जातो. सत्तरच्या वर वळणं आहेत. सर्वात खालच्या आणि सर्वात वरच्या टोकाच्या उंचीत सुमारे 300 मीटरचा फरक. कडेला एक-दोन हात गवत, की लगेच लोखंडी रेलिंग. फॉर्म्युला वनचा चालक जॅकी स्ट्युअर्टने त्याला 'हिरवा नरक' म्हटलं ते उगाच नाही. 1968 साली तो इथे धुक्यापावसात चार मिनिटांहून जास्त फरकाने जिंकला होता, तरी त्याचं मत तेच राहिलं. 1 ऑगस्ट 1976 ला फॉर्म्युला वनचाच दुसरा चालक निकी लाउडाची गाडी बेर्गवेर्क वळणाच्या थोडं अलीकडे आपटून पेटली. तो जेमतेम वाचला आणि फॉर्म्युला वन त्यानंतर या जुन्या वाटेवर कधी परतली नाही. त्या जागेवरून तुम्ही स्वतः गाडी नेणार आहात. चढावर एक साधंसं डावं वळण लागतं, बस. मी तिथे पोचले तेव्हा शेजारी बसलेल्या इन्स्ट्रक्टरने फक्त बोट दाखवलं आणि पुढचा अर्धा किलोमीटर आम्ही दोघंही काही बोललो नाही.

हा रस्ता लोकांसाठी उघडतात तेव्हा तो कायद्याने टोल भरून जायचा एकमार्गी रस्ता असतो. जर्मनीचे वाहतुकीचे नियम तिथे लागू. शर्यत लावायची नाही, वेळ मोजायची नाही, गाडीत कॅमेरा लावायचा नाही. रस्त्यावर चालवायची परवानगी असलेली कुठलीही कार आत येऊ शकते, त्यामुळे तुमच्यापुढे कोणाची कुटुंबाची स्टेशन वॅगन असेल, आणि मागून सहाशे हॉर्सपॉवरची गाडी घेऊन आलेला तिथलाच माणूस, ज्याला प्रत्येक खड्डा पाठ आहे. वेगातला हा फरक तिथला सगळ्यात मोठा धोका आहे. वळणं त्यानंतर.

म्हणून पहिला नियम एकच असतो. हळू असाल तर उजवीकडे राहा, मागचा डावीकडूनच पुढे जाईल. वाचायला सोपं वाटतं. पण आपला अख्खा जन्म डावीकडे राहण्यात गेलाय. घाबरलं की आपलं शरीर गाडी डावीकडे घेतं, विचार न करता. तिथे डावीकडे घेतली, तर ज्याला वाट द्यायची त्याच्याच पुढ्यात जाऊन उभे राहतो.

माझी पहिलीच फेरी. ऊन स्वच्छ होतं. फ्लुगप्लाट्झ नावाचा चढ आहे, जवळ पूर्वी ग्लायडरचं मैदान होतं म्हणून ते नाव. त्या चढाच्या अलीकडे आरशात पिवळा ठिपका दिसला. पुढच्या क्षणी तो ठिपका राहिला नाही, हेडलाइट झाले. 'मी तुला पाहिलंय, तू जा' हे सांगण्यासाठी उजवा इंडिकेटर द्यायचा असतो. मी उजव्या हाताने दांडी खाली ओढली आणि कोरड्या काचेवर वायपर सुरू झाले. आपल्या मारुतीत इंडिकेटर उजव्या हाताला असतो, तिथल्या गाडीत डाव्या. वायपरचा तो खर्र खर्र आवाज, काचेवर उमटलेले धुळीचे दोन पट्टे, आणि त्या पट्ट्यांतून पुढचा रस्ता. जेमतेम दोन सेकंद गेली असतील. तेवढ्या वेळात माझी नजर आरशावरून उडून दांडीवर गेली होती आणि ताशी शंभरच्या वर वेग होता. पिवळी गाडी डावीकडून शांतपणे निघून गेली, कारण तो माणूस सवयीचा होता. मी बाहेर येऊन गाडी पार्क केली आणि पहिल्यांदा पाणी प्यायले.

माझे बाबा बेस्टमध्ये ड्रायव्हर होते, वडाळा डेपोला. त्यांनी मला जुन्या मारुती 800 वर शिकवलं. शिकवताना मधेच विचारायचे, "मागे कोण आहे?" उत्तर आलं नाही तर गाडी बाजूला घ्यायला लावायचे. टॅक्सी, रंग कुठला, किती लांब, सगळं सांगावं लागे. सायन ते वडाळा एवढ्या रस्त्यात चार-चारदा थांबवायचे आणि मला राग यायचा. दुसऱ्या फेरीपासून मी रिंगवर तेच केलं. प्रत्येक सरळ तुकड्यावर मोठ्याने, मराठीत: "मागे कोण? कोणी नाही. मागे कोण? पांढरी बीएमडब्ल्यू, लांब आहे." इन्स्ट्रक्टरने दोनदा ऐकलं आणि मी काय म्हणतेय ते विचारलं. सांगितल्यावर म्हणाला, हे सोडू नकोस. तुम्हीही हेच करा. पहिल्या चार फेऱ्यांत स्पीडोमीटरकडे बघायचं कारणच नाही. आरशाकडे बघा, आणि लक्षात ठेवा, तो आरसाही तिथे तुमच्या उजव्या हाताला असतो.

इन्स्ट्रक्टरवर पैसे खर्च करा. गाडीवर वाचवा, हॉटेलवर वाचवा, यावर नको. फुक्सरोरे म्हणून एक उतार आहे, अर्थ साधारण 'कोल्ह्याची नळी'. झाडांमधून सरळ खाली कोसळत जातो. तळाशी गाडी अशी दबते की पोट सीटमध्ये रुततं, आणि लगेच चढ लागतो. चढावर येताच सगळ्यांना वाटतं, सुटलो, आता पाय दाबू. आणि तिथेच, दिसत नाही अशा जागी, आडेनाउअर फोर्स्टचं डावं-उजवं जोडवळण बसलेलं आहे. माझ्या इन्स्ट्रक्टरने उताराच्या आधीपासून तळहात आडवा धरला होता, म्हणजे 'आहे तसंच ठेव'. तळाशी गाडी दबली तरी हात हलला नाही. चढावर मात्र त्याने हात हळूच खाली केला आणि मी ब्रेकवर पाय ठेवला. आम्ही वळलो तेव्हा आमच्या पुढची एक गाडी सरळ गवतात उतरली होती. तो हात शेजारी नसता तर मीही तिथेच गेले असते, याची मला खात्री आहे.

आता पोर्शे. गाडी अप्रतिम आहे, यात वादच नाही. स्टिअरिंग बोटाच्या टोकाला ऐकतं. पण त्या दोन फेऱ्यांत मला रस्ता कमी आठवतोय आणि ती गाडी जास्त. प्रत्येक वळण लवकर यायचं, प्रत्येक ठिकाणी आपण नक्की कुठे आहोत तेच उमगेनासं व्हायचं, आणि डोक्यात सतत अनामत रकमेचा आकडा. कारुसेलमध्ये, जिथे काँक्रीटच्या वाकड्या पन्हाळीत गाडी आत उतरवायची असते, मी स्विफ्ट बिनधास्त उतरवली होती. सगळी गाडी थडथडते, दात वाजतात, आणि बाहेर पडताना हसू फुटतं. पोर्शे घेऊन मी पन्हाळीच्या वरच्या कडेनेच गेले. ज्यासाठी एवढ्या लांब गेले तेच सोडून दिलं. तुम्हाला एक फेरी चांगल्या गाडीत हवीच असेल तर शेवटच्या दिवशी घ्या, किंवा तिथल्या सराईत माणसाच्या शेजारी बसून जा. जाबिने श्मिट्झ हे नाव ऐकलं असेल, ती याच परिसरात वाढली, इथली 24 तासांची शर्यत 1996 आणि 1997 साली जिंकली आणि वर्षानुवर्षं लोकांना शेजारी बसवून 'रिंग टॅक्सी' चालवायची. 2021 साली ती गेली. तिच्यामुळे मी ह्या जागेचं वेड घेतलं, म्हणून तिचं नाव इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

खर्चाचं विचारलंत. एका फेरीचं तिकीट मी गेले तेव्हा तीस युरोच्या आसपास होतं, शुक्रवार ते रविवार थोडं जास्त. प्रत्येक फेरीनंतर बाहेर यावं लागतं, मग पुन्हा कार्ड लावून आत. खरा खर्च गाडीच्या भाड्याचा, आणि त्याहून खरा अपघाताचा. रेलिंग मोडलं तर त्याचे पैसे तुम्ही भरता. गाडी उचलून नेण्याचे तुम्ही भरता, आणि गाडीच्या नुकसानीत ठरलेल्या रकमेपर्यंतचा हिस्साही तुमचाच, तो काही हजार युरोंचा असू शकतो. करार जर्मनमध्ये असेल तर इंग्रजी प्रत मागा आणि तो हिस्सा नक्की किती, हे सही करण्याआधी बोट ठेवून विचारा. विमानतळावर घेतलेली साधी भाड्याची गाडी रिंगवर मुळीच नेऊ नका. अशा करारांत ट्रॅकला सरसकट मनाई असते, म्हणजे विमा असून नसल्यासारखा. प्रवास विम्याचंही कलम वाचा, मोटारस्पोर्ट बहुतेक वगळलेला असतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक गाडी आपटली आणि रस्ता तासाभरापेक्षा जास्त बंद राहिला. चालक स्वतःच्या पायांनी चालत आला. नंतर आम्ही तिथून गेलो तर राखाडी, मळकट रेलिंगमध्ये नव्या पत्र्याचा एक तुकडा चकचकीत बसवलेला. त्यानंतर मला असे तुकडे सगळीकडे दिसायला लागले. कुठे ते दिसतात त्यावरून वळण किती फसवं आहे ते कळतं, मला त्याचा खरोखर उपयोग झाला.

आणि पाऊस. आइफेलमध्ये एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला सर येऊन गेलेली, असं होतं. रस्त्यावर लोकांनी रंगाने नावं लिहिलेली असतात, ओल्यात तो रंग साबणासारखा. ढग दिसले तर फेरी सोडून द्या. तिकीट त्या दिवशी संपवायलाच हवं असं नाही.

इथून करायची तयारी फार नाही. आरटीओतून आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट काढा, एक वर्ष चालतं, फी हजार रुपये, पासपोर्ट लागतो. रिंगचं वेळापत्रक आधी बघा, कारण बऱ्याच दिवशी कार कंपन्या चाचण्यांसाठी रस्ता घेतात आणि शनिवारी शर्यती असू शकतात. पोचल्यावर लगेच रिंगवर जाऊ नका. कोलोनहून रिंग सुमारे 90 किलोमीटर आहे, कोलोनला साधी गिअरची गाडी घेऊन दोन दिवस गावांमधून फिरा. उजव्या हाताने गिअर, डाव्या हाताने इंडिकेटर, हे हाताला कळू द्या. वायपर चुकून सुरू होणं थांबलं की तुम्ही तयार आहात. सी लिंकवर किंवा कोस्टल रोडवर पहाटे वेगाचा सराव करायचं मनात असेल तर कृपा करून करू नका. तिथे जास्तीत जास्त 80ची मर्यादा आहे आणि त्या सरावाचा रिंगवर काडीचा उपयोग नाही. त्यापेक्षा एका सकाळी माळशेज घाट हळू चढा-उतरा, पुढचं वळण दिसायच्या आत गाडी शांत करायची सवय लागेल.

मिसेसना शेजारी बसवू का, असंही विचारलंय. पहिल्या दिवशी नको. तुमचं लक्ष विभागेल, आणि त्यांना मळमळेल ते वेगळंच. त्यांना ब्रुन्शेन नावाच्या दोन वळणांपाशी सोडा. तिथे रेलिंगच्या मागे गवताच्या उतारावर लोक डबे, चटया, लहान मुलं घेऊन बसतात आणि दोन्ही वळणं एका नजरेत दिसतात. माझा भाऊ तिथे बसला होता. लाल स्विफ्ट दिसली की हात हलवायचा. मला तो सहाव्या फेरीत पहिल्यांदा दिसला.