कॉफी सोडली, तरी तोंड कोरडंच

नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत तो बोलायला लागला आणि आधी आवाज ऐकू आला तो जिभेचा. टाळ्याला चिकटून सुटायची, टक्. वय 29, ऐरोलीत रात्रपाळी.

"मॅडम, कॉफीने माझी लाळ आटलीये. तोंडाला वास येतो, दातही जाणार बहुतेक. आणि रविवारी मुलगी बघायला जायचंय."

आईने कॉफीवरून घर डोक्यावर घेतलं म्हणून याने ती एकदम बंद केली होती. दोन-तीन दिवस डोकं ठणकलं, पण कोरड तशीच.

मी एका रात्रीचा हिशोब लिहायला लावला. एरवी मशीनची कॉफी पाच कप. शिंकांसाठी महिनाभर रोज अ‍ॅलर्जीची गोळी. आणि वास झाकायला साखरेच्या पेपरमिंट, तासाला दोन!

कॉफी अगदीच निर्दोष, असं मी म्हणत नाही. रात्री उशिरा प्यायली की झोपेचं खोबरं, वर छातीत धडधड. पण रोज पिणाऱ्याच्या शरीराला तिची सवय होते. लाळ कमी करण्यात अ‍ॅलर्जीच्या कित्येक गोळ्या तिच्या पुढे असतात. भीतीनेही कोरड पडतेच. दातांचं म्हणाल तर ती पेपरमिंट. साखर मिळाली की तोंडातले जंतू आम्ल करतात, सामू (pH; जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की दाताचं कवच विरघळू लागतं. लाळ ते सावरते, पण तिला अर्धा-एक तास लागतो. इथे दर अर्ध्या तासाला नवी पेपरमिंट. बिचाऱ्या लाळेची पाळी येणार कधी?

अ‍ॅलर्जीच्या गोळीचा निर्णय डॉक्टरांचा, तिकडे पाठवलं. त्यांनी ती बदलून दिली. दातांच्या डॉक्टरांना हिरडीलगत दोन किडलेल्या जागा सापडल्या.

माझ्याकडे उरली ती तळहातावर फुंकून वास घ्यायची सवय. तासाभराच्या भेटीत सहा वेळा. असं स्वतःचं स्वतःला नीट कळत नाही, म्हणून बहिणीला फोन लावायला सांगितला. ती म्हणाली, "सकाळी उठल्यावर येतो. मला नाही येत का?" झोपेत लाळ कमीच असते, तिचं बरोबर होतं.

आता कॉफी दोन कप, शेवटचा रात्री बाराच्या आत. खिशात पेपरमिंटऐवजी बिनसाखरेचं च्युइंगम. मुलीकडचे पोहेही झाले, निरोप यायचाय. परवा पाऊण तास मोकळेपणी बोलला. जीभ एकदाच टक् वाजली, आईचा विषय निघाला तेव्हा.