सांगलीत संध्याकाळी माणसं करतात तरी काय?

तुम्ही विचारलंय: पुण्याहून सांगलीला बदली झालीय, एकटाच येतोय, शनिवार-रविवारी तिथं करण्यासारखं काही आहे का, की दर वेळी कोल्हापूरच गाठायचं?

सांगलीच्या जुन्या गावभागात लहानाचा मोठा झालो, आता विश्रामबागेत राहतो, म्हणून बोलायचा हक्क आहे असं समजतो. पहिलं म्हणजे शनिवार-रविवारचा हिशेब पुण्यातच ठेवून या. इथली करमणूक रोजची असते, संध्याकाळी सहा ते नऊ. त्या तीन तासांत घराबाहेर पडलात तर गाव तुमचं. आठवडाभर रूमवर मोबाईल बघत बसून शनिवारी "आता काय करू?" म्हणालात, तर सांगली तुम्हाला भिकार वाटणार आणि तुम्ही गाडीला किक मारून कोल्हापूरला जाणार. जा की, तासा-दीड तासाचा रस्ता आहे. पण दर आठवड्याला तेच करणाऱ्यांना वर्ष झालं तरी इथं चार ओळखीची माणसं नसतात, हे बघितलंय.

खाण्याचं आधी. सांगली म्हटलं की भडंग, हे कुणीतरी कानावर घातलंच असेल. पाकीट घ्या, चांगलं असतं, पण ते गावाला जाताना न्यायचं. खरं भडंग घरी होतं. त्याचे चुरमुरे दुकानात 'भडंगाचे' म्हणूनच मागायचे. भेळेचे आणले तर तेल पिऊन मऊ पडतात. तेलात शेंगदाणे तांबूस होईपर्यंत तळायचे, मग सालासकट ठेचलेला लसूण आणि कढीपत्ता. लसूण कुरकुरीत झाला की गॅस बंद, आणि मगच तिखट, मीठ, चिमूटभर पिठीसाखर. चालू गॅसवर तिखट टाकलं की ते करपतं आणि अख्खा डबा कडवट लागतो. चुरमुरे ओतून दोन्ही हातांनी चोळायचे. कांदा, कोथिंबीर, लिंबू मात्र ताटलीत घेतल्यावरच. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कुणी स्टीलचा डबा पुढं केला, तर नको म्हणू नका. ओळखी इथं अशाच होतात.

बाहेर जेवायचं तर एकट्या माणसासाठी अख्खा मसूर. इस्लामपूर-कराड पट्ट्यातला हा पदार्थ आता जिल्हाभर मिळतो. मसूर न फोडता शिजवलेला, वर तर्री, सोबत भली मोठी रोटी आणि कांदा. पोट भरतं, खिसा रिकामा होत नाही. जैन समाज मोठा असल्यामुळं शाकाहाराचे हाल होत नाहीत. मांसाहारी असाल तर तांबडा-पांढरा इथंही आहे, फक्त "कोल्हापूरसारखा नाही" असं जेवता जेवता म्हणू नका. आम्हाला माहीत आहे, आणि ऐकायचं नाही. हिवाळ्यात एखाद्या सहकाऱ्याच्या घरी कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत आणि ज्वारीची भाकरी खायचा योग जुळवा. त्या वांग्याची चव पुण्यात मागवून येत नाही. वाडीला, म्हणजे नृसिंहवाडीला गेलात तर दर्शन करून बासुंदी घ्या. वाडी कोल्हापूर जिल्ह्यात असली तरी आम्ही ती आपलीच धरतो.

सहा वाजता कुठं जायचं? नदीवर. गणपती मंदिराकडून घाटावर उतरा, नाहीतर सरळ आयर्विन पुलावर. १९२९ सालचा हा पूल पलीकडच्या सांगलीवाडीला जोडतो. कुणी पोहायला आलेलं असतं, कुणी नुसतंच कट्ट्यावर. वेगळं काही बघायचं तर हरिपूरला जा, कृष्णा-वारणेचा संगम आणि संगमेश्वराचं देऊळ आहे. हरिपुरात पूर्वी जमिनीत खोल पेवं खणून त्यात हळद साठवत. २००५ च्या महापुराचं पाणी पेवांत शिरलं आणि मोठं नुकसान झालं. हळदीचा व्यापार मात्र अजून इथलाच. उन्हाळ्याच्या तोंडावर सकाळी मार्केट यार्डात चक्कर मारा. सौदे चालू असतात, आणि घरी आल्यावरही शर्टाला वास येत राहतो.

आता नाटक. पुणेकरांना हे सांगायला मजा येते: मराठी नाटकाचा पहिला पडदा सांगलीत उघडला. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांसमोर 'सीता स्वयंवर' केलं. नाटककार गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचेच. दर वर्षी ५ नोव्हेंबरला भावे नाट्यमंदिरात भावे गौरव पदक देतात, तो कार्यक्रम चुकवू नका. एरवी प्रयोग पुण्याइतके येत नाहीत, हे खरं. पण जो येतो त्याला गर्दी असते, आणि मध्यंतरात चहाच्या कपाशी शेजारचा अनोळखी काका कोणता संवाद हुकला ते सांगतो. गाण्याची आवड असेल तर मिरज आहेच, वडापनं, म्हणजे शेअर गाडीनं जायचं. सतारी बनवणाऱ्यांचं गाव ते; खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ ख्वाजा मीरासाहेबांच्या उरुसात दर्ग्यात संगीत सभा होते. तिकीट नाही, मांडी घालून बसायचं. सिनेमाला थिएटरं आहेत, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पावसाळ्यात करमणुकीचा विषयच बदलतो. जुलै-ऑगस्टमध्ये नमस्काराच्या आधी "पुलाला किती फूट?" विचारतात. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, २०२१ लाही गावात शिरलं. त्यामुळं कोयना धरणातून किती क्युसेक सोडलं आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणात पाणीसाठा किती, यावर इथला पानपट्टीवालाही पाटबंधारेच्या साहेबासारखा बोलतो. ऐकून घ्या, बहुतेक वेळा त्याचं बरोबर निघतं.

म्हणूनच खोली बघताना भाडं नंतर, आधी "२०१९ ला इथं पाणी कुठवर होतं?" हे विचारा. घरमालकाला नको, शेजारच्या किराणा दुकानदाराला. मारुती चौक, दत्तनगर, कर्नाळ रोड या बाजूला तळमजला घेऊ नका, कितीही स्वस्त मिळू दे. शामरावनगरला नदी लांब असली तरी पावसाचं पाणी तुंबतं. विश्रामबाग उंचावर आहे, शंभर फुटी रोडला रात्री गाडे लागतात, खाण्याची सोय होते; फक्त नदी लांब पडते, रोज गाडी काढावी लागेल. बजेट बसत असेल आणि पूर सोसायची तयारी असेल, तर गावभागात वरच्या मजल्यावर एखादी खोली बघा. घाट पायी अंतरावर, भावे नाट्यमंदिर जवळ, आणि खालच्या काकू पहिल्याच आठवड्यात "जेवलास का रे?" विचारतील. त्यांना "हो" म्हणून फसवता येत नाही.