मनातले मांडे आणि खापरावरचे

पारोळा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे, थोडक्यात देते : 'वय ५३. मला खापरावरचे मांडे येतात, दुसरं काही येत नाही. जळगावच्या एका लग्नघरून मजुरी देऊन बोलावणं आलंय. जेठ (थोरले दीर) म्हणतात, आपल्या घरच्या बाया दुसऱ्याच्या चुलीपुढे बसणार का? मुलगा पुण्याहून सांगतो, आता आराम कर. आयुष्य वायाच गेलं म्हणायचं का?'

ताई,

'दुसरं काही येत नाही' हे वाक्य आधी खोडा. पुरण भरलेला उंडा लाटायचा, मग दोन्ही हातांवर झेलत झेलत पार कोपरापर्यंत वाढवायचा, कुठे फाटू द्यायचा नाही आणि अलगद चुलीवरच्या पालथ्या मातीच्या खापरावर टाकायचा. मी तीन आखाज्या, म्हणजे तीन अक्षय्य तृतीया, हे शिकायला बसले. माझा मांडा मनगटापुढे गेला नाही. एक तर थेट चुलीतच गेला!

वाया गेलं म्हणता, तेही मला पटत नाही. भावकीतल्या किती लग्नांत तुम्ही फुकट राबला असाल. तेव्हा घराण्याची अब्रू गेली नाही, मग मजुरी घेतल्यावरच कशी जाते? आणि खरं सांगू? पत्रात जेठ तीनदा आलेत. 'मला जावंसं वाटतं' हे एकदाच आलंय, तेही समासात, तिरकं. जेठांना समजवायचं काम यजमानांकडे द्या. तुम्ही आधी स्वतःला हो म्हणा.

खान्देशात असं काही निघालं की कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव येतंच. पण एक गोष्ट आपण विसरतो. त्यांना लिहिता येत नव्हतं. मुलाने, सोपानदेवांनी, आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरींनी ओव्या उतरून घेतल्या, म्हणून बहिणाबाई १९५१ साली गेल्या तरी १९५२ मध्ये गाणी छापून आली. माझ्या चोपड्याच्या आत्याचं कुणी काही उतरून घेतलं नाही. तिचं खापर अजून माळ्यावर आहे. रसाबरोबर आम्ही आता विकतच्या पोळ्या खातो.

म्हणून एकट्या जाऊ नका, पुतणीला सोबत न्या. पीठ किती सैल, पुरण किती मऊ, हे तुम्ही 'अंदाजाने' म्हणाल. तिला त्या अंदाजात बोट घालून बघू द्या. मोबाइलवर उतरवून घेतलं तरी हात बसवावाच लागतो.

मजुरी नगावर ठरवा, दिवसावर नको. डाळ, गूळ, सरपण त्यांचं. किती पानं उठणार ते आधीच विचारा. आकडा मोठा असेल तर लाटायला आणखी दोन बाया मागा, संकोच करू नका. गुडघे दुखतात असं लिहिलंय, तर चूल विटांवर उंच मांडायला सांगा.

आणि खापर आपलंच न्या. गोधडीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन बसा. डिकीत अजिबात टाकू देऊ नका.