वाचकांचे प्रश्न : जुन्या फोटोंचं घरगुती कॅलेंडर

प्रश्न : नातेवाइकांना द्यायला जुन्या फोटोंचं ए-३ आकाराचं भिंतीवरचं कॅलेंडर करतोय. पुण्याच्या आत्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले, पण नमुन्याच्या प्रिंटमध्ये चेहरे पुसट आले. दुकानदार म्हणतो, फोटोच जुने आहेत. — रामबाग, इंदूर

उत्तर : दोष फोटोच्या वयाचा नाही, फाइलच्या आकाराचा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलचा होतो. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरले, तर तो जेमतेम सव्वापाच इंच नीट छापला जातो. तुमचं पान ११.७ इंच रुंद आहे. आत्यांना मूळ फोटो फ्लॅटबेड (सपाट काचेच्या) स्कॅनरवर ६०० डीपीआयला (इंचाला ६०० पिक्सेल) स्कॅन करून फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. कृष्णधवल फोटोही रंगीत मोडमध्येच स्कॅन करायचा. पिवळे डाग नंतर वेगळे काढता येतात.

जुन्या अल्बममधल्या चौकोनी, सव्वादोन इंची फोटोंबद्दल मात्र एक तडजोड करावी लागेल. ६०० डीपीआयला त्यांचे १३५० पिक्सेल मिळतात, म्हणजे छापताना साडेचार इंच. भिंतीवरचं कॅलेंडर चार पावलांवरून बघतात, तिथे इंचाला २०० पिक्सेलही चालतात. म्हणजे पावणेसात इंच. त्यापुढे ताणू नका. डीपीआय १२०० केल्यानं फाइल फुगते, पण कागदावर नसलेला तपशील कुठून येणार? पानभर एक फोटो असा हट्ट सोडून अशा दोन-तीन फोटोंचं एक पान करा. निगेटिव्ह सापडली तर प्रश्नच मिटला. ती २४०० डीपीआयला स्कॅन केली की अख्खं पान भरेल एवढी फाइल हाती येते.

प्रश्न : चिकट पानांच्या अल्बममधले फोटो निघत नाहीत. आजोबांचा फोटो तर फ्रेमच्या काचेलाच चिकटलाय. — लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : आधी वरचं प्लास्टिक अलगद उचलून अख्खं पान तसंच स्कॅन करा. पुढे काही बिघडलंच तरी प्रत हाती राहील. मग दात साफ करायचा फ्लॉस फोटोच्या कोपऱ्याखाली घाला आणि करवतीसारखा हळूहळू पुढेमागे ओढा. फोटो वाकवून ओढू नका. वरचा थर तडकतो आणि ती पांढरी रेघ नेमकी चेहऱ्यावरून जाते. पाणी नको, गरम ड्रायरही नको.

काचेला चिकटलेल्या फोटोला हात लावू नका. तिथे फोटोचा थरच काचेला धरून बसलेला असतो, ओढला की चेहरा काचेवर राहतो. काचेसकट स्कॅन करा. स्कॅनरवर बसत नसेल तर दोन्ही बाजूंनी ४५ अंशांतून सारखा उजेड पाडून, काचेत प्रतिबिंब पडू नये म्हणून कॅमेऱ्यामागे काळं कापड धरून फोटो टिपा.

प्रश्न : १९८०च्या आसपासचे रंगीत फोटो लालसर झालेत. — इंदूर

उत्तर : अंधारात ठेवलेल्या त्या काळच्या प्रिंटमधला निळसर-हिरवा रंग आधी विरतो, म्हणून लाली उरते. सॉफ्टवेअरच्या ‘लेव्हल्स’मध्ये लाल, हिरवा, निळा असे तिन्ही चॅनल वेगवेगळे उघडून प्रत्येकाची दोन्ही टोकं आलेखाच्या कडांपर्यंत आणा. पांढरा सदरा पांढरा दिसला की थांबा, लग्नातला शालू भडक करायच्या मोहात पडू नका. रेशमी पोताच्या प्रिंटवर स्कॅनमध्ये ठिपके उमटतात. असा फोटो दोनदा स्कॅन करायचा, दुसऱ्यांदा वरची बाजू खाली येईल असा फिरवून. मग दुसरा स्कॅन सरळ करून दोन्ही थर एकावर एक नेमके बसवून वरचा ५० टक्के पारदर्शक करायचा.

प्रश्न : कॅलेंडरवर वाढदिवस आणि श्राद्धतिथी छापायच्या आहेत. वहीत आजोबांची तिथी ‘श्रावण बदी ७’ आहे, आई म्हणते आषाढ. — स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर : बहुधा दोघंही बरोबर आहेत. आपला मराठी महिना अमावास्येला संपतो, माळव्यातल्या स्थानिक पंचांगातला पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिन्याचं नाव एकच असतं, वद्य पक्षात त्यांचं एक महिना पुढे जातं. ज्या रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्यावर गेर (रंगांची मिरवणूक) निघते ती आपली फाल्गुन वद्य पंचमी, त्यांची चैत्र कृष्ण पंचमी, दिवस एकच. ‘बदी-सुदी’ आणि विक्रम संवत दिसला तर नोंद स्थानिक पंचांगाची, ‘शुद्ध-वद्य’ आणि शके दिसले तर घरच्या पंचांगाची समजायला हरकत नाही. म्हणजे तुमची तिथी आपल्या हिशेबानं आषाढ वद्य ७. आजोबा गेले ती इंग्रजी तारीख माहीत असेल तर त्या वर्षीच्या पंचांगाशी ताडून बघा.

गेल्या वर्षीच्या तारखा उचलून पुढच्या वर्षी चिकटवू नका. तिथी दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि अधिक मास आला की पुढे उडी मारते. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे १४ सप्टेंबरला, तर २०२७ मध्ये ४ सप्टेंबरला. आणखी एक बारकावा आहे. कॅलेंडरच्या चौकटीतली तिथी सूर्योदयाची असते, श्राद्धाची मात्र अपराह्णावरून (दुपारनंतरच्या वेळेवरून) ठरते, त्यामुळे एका दिवसाचा फरक पडू शकतो. गुरुजींकडून बारा महिन्यांची यादी तपासून घ्या आणि मगच छापायला द्या.

प्रश्न : छापखान्यात काय सांगायचं? — इंदूर

उत्तर : पीडीएफ फाँटसकट द्या, किंवा अक्षरं कर्व्हमध्ये (म्हणजे आकृत्यांमध्ये) बदलून. नाहीतर मशिनवर दुसराच फाँट लागतो आणि जोडाक्षरं फुटतात. ऑपरेटर हिंदी टायपिंगवाला असेल तर ‘काळे’चं ‘काले’ होतं. प्रत्येक ळ बोट ठेवून वाचा. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापणीत जाणारी जास्तीची छपाई) ठेवा. वायरो (तारेच्या कड्यांचं) बाइंडिंग असेल तर वरचे १५ मिमी मोकळे सोडा, नाहीतर भोकं उभ्या माणसाच्या कपाळातून जातात.

दुधाचा हिशेब लिहायचा असेल तर गुळगुळीत आर्ट पेपर नको, शाई फिसकटते. जाड मॅपलिथो (बिनचकाकीचा कागद) घ्या. फोटोंचं तेज मात्र त्यावर थोडं कमी येतं. वीस-पंचवीस प्रतींना डिजिटल छपाईच परवडते. कृष्णधवल फोटोचं एक पान आधी त्याच कागदावर काढून दिवसाउजेडी बघा. हिरवट किंवा जांभळट झाक दिसली तर तो फोटो ग्रेस्केल करून पुन्हा द्या.