थंडीत कासव खात नाही तेव्हा

प्रश्न : आमच्याकडे आठ वर्षांपासून लाल कानांचे, पाण्यात राहणारे कासव आहे. हॉलच्या खिडकीजवळच्या काचेच्या टाकीत ते असते. डिसेंबर लागल्यापासून त्याने खाणे जवळजवळ सोडले असून रोजची सुकट तशीच तरंगत राहते. उपाशी राहू नये म्हणून आम्ही चिमट्याने तोंडात भरवूनही पाहिले. काही जण म्हणतात की ही शीतनिद्रा आहे, मार्चपर्यंत त्याला हात लावू नका. आम्ही त्याला काय आणि किती द्यावे?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : आपली काळजी पत्रातून जाणवते, म्हणूनच पहिली विनंती अशी की तोंडात भरवणे आजपासून थांबवा. कासवाच्या शरीराला स्वतःची ऊब निर्माण करता येत नाही. अन्न पचवणारे पाचकरस आणि आतड्यांची हालचाल ही दोन्ही बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेवर चालतात. पाणी गार असताना पोटात गेलेला घास तिथेच पडून राहतो व कुजतो, आणि त्यातून होणारा आजार काही दिवसांच्या उपासापेक्षा कितीतरी गंभीर असतो.

ही शीतनिद्रा नव्हे. आपले कासव मूळचे उत्तर अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. तिकडे पाणी 10 अंशांच्या खाली गेले की ते खरोखर निपचित होते. मुंबईत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा साधारण 16 ते 20 अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी पुन्हा तिशीला टेकतो. झोपायला पुरेल इतकी थंडी नाही आणि पचनाला पुरेल इतकी ऊबही नाही, अशा अधांतरी अवस्थेत कासव आठवडेच्या आठवडे काढते आणि खंगत जाते.

त्यामुळे आधी ऊब, मग अन्न. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारा, तापमान ठरवता येणारा हीटर टाकीत बसवा आणि पाणी एकदम न तापवता रोज एक-दोन अंशांनी वाढवत 25-26 अंशांवर आणा; दुकानदाराच्या शब्दावर न जाता पाण्यात थर्मामीटर ठेवा. पाण्याबाहेर बसायला एक कोरडी फळी आणि तिच्यावर 30-32 अंशांची ऊब देणारा दिवा हवा. खिडकीतले ऊन मात्र पुरत नाही, कारण हाडे आणि कवच घडवायला लागणारे अतिनील किरण काच अडवते. म्हणून सकाळी नऊच्या सुमारास पसरट टबात थोडे पाणी घालून त्यात कासवाला सोडावे आणि टब, अर्धा सावलीत राहील असा, गॅलरीतल्या उन्हात ठेवावा. कावळे आणि घारी यांच्यामुळे कुणीतरी शेजारी बसणे आवश्यक आहे. पाणी उबदार झाल्यावर बहुतेक कासवे दोन-तीन दिवसांत स्वतःहून खाण्याकडे वळतात.

आता खाण्याविषयी. नुसत्या सुकटीवर कासव जगत नाही, आणि बाजारातली सुकट खारवलेली असेल तर ती अपायकारकच. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या अशा कासवांच्या पापण्या अनेकदा भिजवलेल्या मुगासारख्या टपोरलेल्या असतात. हे अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचे ठळक लक्षण आहे. डोळे मिटलेल्या कासवाला अन्न दिसतच नाही, आणि घरच्यांना वाटते की थंडीने भूक गेली. आठ वर्षांचे कासव पूर्ण वाढलेले असते. त्याचा निम्म्याहून अधिक आहार वनस्पतींचा असावा. जास्वंदीची पाने, शेवग्याचा पाला, लेट्यूस, किसलेले गाजर, लाल भोपळा असे आलटून पालटून द्यावे. पालक टाळावा, कारण त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवते. आठवड्यातून दोनदा ताजी, सालासकट कोळंबी किंवा काट्यांसकट छोटा मासा द्यावा. पाव, भात, दूध, पनीर कधीही नको. कॅल्शियमसाठी पक्ष्यांच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस (माकुळ या समुद्री जीवाचे पांढरे हाड) पाण्यात तरंगत ठेवला की कासव तो हवा तेव्हा कुरतडते.

खाणे एक दिवसाआड, सकाळी उशिरा द्यावे, म्हणजे पुढचे कित्येक तास उबेचे मिळतात. मांसाहाराचा भाग कासवाच्या डोक्याएवढा पुरे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर रविवारी वजन करून लिहून ठेवा. वजन सतत घटत असेल, नाकातून बुडबुडे येत असतील किंवा पोहताना कासव एका बाजूला कलत असेल, तर न्यूमोनियाची शंका घेऊन त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावे. अ जीवनसत्त्वाची इंजेक्शने मात्र अंदाजाने देऊ नयेत. त्यांची मात्रा जास्त झाली तर कातडी सोलवटते.

प्रश्न : नातेवाइकांकडून आमच्याकडे कवचावर चांदण्यांची नक्षी असलेले जमिनीवरचे कासव आले आहे. थंडीत त्याला केळे, टोमॅटो चालेल का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : ते तारा कासव आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते घरी पाळता येत नाही, म्हणून वन विभागाच्या 1926 या मदत क्रमांकावर कळवून ते त्यांच्या स्वाधीन करावे. गोड फळे त्याच्या पोटाला सोसत नाहीत. तोवर त्याला कोरड्या, उबदार खोक्यात ठेवून स्वच्छ गवत, जास्वंदीची पाने आणि उथळ बशीत पाणी द्यावे.