फ्रीहोल्डला मराठीत काय म्हणायचं?

भुसावळच्या एका भाऊंनी विचारलंय की वडिलांच्या नावावरच्या सरकारी प्लॉटची लीज संपत आलीय, तर "लीज एक्स्टेंड करू की फ्रीहोल्ड करून घेऊ" हे शुद्ध मराठीत कसं लिहायचं, मुक्तधारण चालेल का?

भाऊ, मुक्तधारण कोशात ठीक आहे, तहसीलमध्ये बोलून बघा, क्लार्क तुमच्या तोंडाकडे बघत बसेल. लीज म्हणजे भाडेपट्टा यात वाद नाही. पट्टा आला संस्कृत 'पट्ट' वरून, ताम्रपटातला पट तोच, म्हणजे मुळात तो लेख, जागा नव्हे. पण आपल्याकडची म्हातारी माणसं सरळ म्हणतात 'हाई जागा पट्टानी शे' आणि त्यात सगळं आलं, घर आपलं पण खालची जमीन सरकारची.

फ्रीहोल्डला बोलताना 'मालकीची' म्हणा, झकास. कागदावर मात्र मालक शोधू नका, १९६६ च्या जमीन महसूल संहितेत तुम्ही भोगवटादार वर्ग १, विकायला-बिकायला बंधनं असतील तर वर्ग २, आणि पट्टेवाला तो शासकीय पट्टेदार. जन्माची कमाई घालूनही माणूस कागदावर भोगणाराच! पेशवाईत यासाठी 'मिरास' होता, अरबीतून आलेला, अर्थ वारसा. वंशपरंपरेने धरणारा मिरासदार आणि बाहेरून येऊन कसणारा उपरी. आता मिरासदारी फक्त टोमणा मारायला उरलीय.

खरी गडबड 'एक्स्टेंड' मध्ये आहे. मुदतवाढ म्हणजे तोच करार पुढे सरकतो, नूतनीकरण म्हणजे नवा पट्टा, नवा दस्त आणि भाडंही नव्याने ठरू शकतं, सुप्रीम कोर्टानेही १९८९ च्या एका निकालात हा फरक केलाय. आमच्या आजोबांच्या पत्र्याच्या पेटीतल्या पट्ट्यात स्वच्छ 'नूतनीकरण' लिहिलेलं, आणि घरात सगळे वर्षानुवर्षं 'मुदत वाढेल ना' म्हणत निवांत. तेव्हा आधी तुमचा पट्टा काढून शब्द बघा.

मालकी हवी असेल तर अर्जात 'भोगवटादार वर्ग १ मध्ये रूपांतरण' लिहा, २०१९ च्या नियमांतला शब्द तोच. त्याचे पैसे म्हणजे अधिमूल्य, लोकांच्या तोंडी नजराणा. झेपत असेल तर मी तेच करेन, पट्ट्यावर विकायचं म्हटलं की परवानगीसाठी चकरा आल्या. फक्त प्लॉट एमआयडीसीतला, ९५ वर्षांच्या पट्ट्याचा असेल तर हा अर्ज तिथे चालणार नाही, ती जमीन महामंडळाची.