माल पोचला तरी ग्राहक पैसे परत मागतोय, विक्रेत्याचं कोण ऐकतं?

तुमचा प्रश्न असा : डिचोलीतून घरचे भाजलेले काजू आणि कोकमाचं आगळ ऑनलाइन विकायला काढताय. उद्या एखाद्याने माल घेऊन 'मिळालाच नाही' म्हटलं, तर बँक आणि पोलिस कोणाच्या बाजूने?

मी फोंड्याहून हेच पाठवतो, शिवाय पितळेच्या समया. अनुभवाने सांगतो, कोण खरं बोलतंय याचा निवाडा तिथे होतच नाही. पैसे ज्या वाटेने आले त्या वाटेचे नियम काय, आणि त्या नियमाला लागणारा कागद कोणाकडे आहे, एवढंच बघितलं जातं. त्यामुळे वाद जिंकायचा की हरायचा हे बरंचसं पैसे कसे घ्यायचे ठरवता तिथेच ठरतं.

कार्डाचे पैसे सगळ्यांत नाजूक. नाराज ग्राहक तुम्हाला फोन न करता थेट आपल्या बँकेला सांगतो. गेटवे, म्हणजे तुमच्यासाठी ऑनलाइन पैसे स्वीकारणारी कंपनी, तेवढी रक्कम तुमच्या खात्यात जमा व्हायच्या पुढच्या हप्त्यातून अडवून ठेवते आणि मेल येतो, अमुक तारखेपर्यंत पुरावे द्या. तारीख चुकली की केस गेली. व्हिसा, मास्टरकार्डच्या बहुतेक तक्रारींना १२० दिवसांची मुदत असते, म्हणजे चवथीला विकलेल्या समईचं भांडण नाताळाच्या दिवसांत दारात येऊ शकतं. तोवर पावती, ट्रॅकिंग, पत्ता, चॅट सगळं जपून ठेवायचं.

यात 'हा व्यवहार मी केलाच नाही' या तक्रारीची फार धास्ती नको. देशातल्या कार्डावर ओटीपी टाकून पैसे आलेले असतात, तेव्हा नुकसानीचा भार सहसा ग्राहकाच्या बँकेवर जातो. परदेशी कार्ड ओटीपीशिवाय चाललं असेल तर मात्र तो तुमच्यावर येतो. 'माल मिळाला नाही' याला पोचल्याचा पुरावा पुरतो, म्हणून कुरिअर दोन पैसे महाग पडलं तरी ओटीपी घेऊन पार्सल देणारं निवडा. एका समईच्या वादात माझ्या बाजूने निकाल लागला तो फक्त त्या डिलिव्हरी ओटीपीच्या नोंदीवर. चॅटवर मी लिहिलेलं लांबलचक स्पष्टीकरण कोणी वाचलं असेल असं वाटत नाही.

खरा त्रास 'सांगितलं तसं नाही' या तक्रारीचा. पावसाळ्यात काजू मऊ पडतात, आगळाची बाटली वाटेत गळते आणि अख्खा खोका लालभडक होतो. ग्राहक फोटो पाठवतो, आणि फोटो खराच असतो! 'खाद्यपदार्थ परत घेत नाही' अशी पाटी लावून सुटता येत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार माल सदोष असेल किंवा जाहिरातीत म्हटल्यासारखा नसेल, तर विक्रेत्याला परतावा नाकारता येत नाही. वर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या जिल्ह्यात तक्रार करायची मुभा दिली आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. दिल्लीच्या ग्राहकाने तिथल्या ग्राहक आयोगात अर्ज टाकला, तर दोन पाकिटं काजूंसाठी उत्तर देत बसायचं तुम्ही. म्हणून माझा हिशेब सरळ आहे. खाण्याच्या वस्तूचे पैसे कुरकुर न करता परत, पितळेच्या वस्तूसाठी भांडायचं.

जाहिरातीतल्या शब्दांवरून आठवलं. गोव्याच्या काजूला २०२३ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, पण आफ्रिकेतून आलेल्या बियांचे गरही इथे फोडून 'गोव्याचे' म्हणून विकले जातात. बी कुठली हे छातीठोक सांगता येत नसेल तर तो शब्द पाकिटावर घालू नका. वाद झाला की पहिला स्क्रीनशॉट त्याचाच निघतो.

परदेशातले गोंयकार, लिस्बन असो की स्विंडन, बहुधा पेपॅलने पैसे देतात. तिथे ग्राहकाला वाद उघडायला १८० दिवस मिळतात. विक्रेत्याला जे संरक्षण मिळतं ते 'मिळालं नाही' आणि 'मी दिलेच नाहीत' या दोनच तक्रारींपुरतं, तेही व्यवहाराच्या पानावर असलेल्या पत्त्यावरच माल गेला असेल तर. 'भावाच्या घरी पाठवा' असं व्हॉट्सअॅपवर आलं आणि तुम्ही मायेने तसं केलंत, की संरक्षण संपलं. अशा वेळी पैसे परत करून नव्या पत्त्यासह पुन्हा ऑर्डर करायला सांगावं. ग्राहक वैतागतो, वैतागू दे.

यूपीआयबद्दल सगळे म्हणतात की एकदा पिन टाकला की पैसे पक्के. बऱ्याच अंशी खरं आहे. फक्त पैसे आल्याचं त्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर न मानता आपल्या खात्यात बघायचं, आणि 'चुकून जास्त गेले, परत टाका' म्हणणाऱ्याला बँकेकडे पाठवायचं. पण चिडलेल्या ग्राहकाकडे इथे वेगळं हत्यार आहे, १९३० या हेल्पलाइनवर सायबर फसवणुकीची तक्रार. ती नोंदली की तुमच्या खात्यातल्या तेवढ्या रकमेवर लीन लागतं, म्हणजे ती काढता येत नाही, कधी अख्खं खातंच गोठतं. ग्राहक प्रामाणिक असला तरी हे होऊ शकतं. त्याने दिलेले पैसे कुठल्या तरी तिसऱ्याच फसवणुकीतून आलेले असले, तर साखळीत तुमचं खातंही सापडतं. माझ्या ओळखीच्या एका विक्रेत्याचं असंच झालं. दुसऱ्या राज्यातल्या पोलिस ठाण्याचा मेल, बँकेची शाखा म्हणते आमच्या हातात काही नाही, आणि काजूवाल्याला द्यायचे पैसे त्याच खात्यात अडकलेले.

अशा वेळी बँकेकडून लेखी घ्यायचं : तक्रारीचा पोचक्रमांक, ठाणं, आणि नेमकी किती रक्कम वादात आहे. मग त्या ठाण्याला बिल, ट्रॅकिंग आणि पोच ईमेलने पाठवायची. पोलिसांना हा अधिकार आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली मिळतो, पूर्वी तो दंड प्रक्रिया संहितेच्या १०२ मध्ये होता. पण वादातल्या रकमेपलीकडे खातं गोठवू नये असं केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलंय. पत्रात त्याचा उल्लेख करून संपूर्ण खात्याऐवजी तेवढ्याच रकमेवर लीन ठेवा अशी मागणी करता येते. आणि धंद्याचं खातं घरखर्चाच्या खात्यापासून आजच वेगळं करा, मुलांची फी तरी अडकणार नाही.

सीओडीत, म्हणजे माल हातात पडल्यावर पैसे घेण्यात, पैशांचा वाद होत नाही, माल नुसता परत येतो आणि जाण्यायेण्याचं भाडं तुमच्या माथी. नव्या माणसाने त्या भानगडीत पडू नये असं माझं मत.

राहिली हॉटेलं. कळंगुट-कोलव्याची गिऱ्हाइकं ऑनलाइन ऑर्डर देऊन उधारीवर मसाला काजू उचलतात आणि मोसम संपला की फोन उचलत नाहीत. तिथे सूक्ष्म-लघु उद्योगांचा २००६ चा कायदा कामी येतो. पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. त्यासाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. पण निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला हा लाभ नाही. तुम्ही काजू भाजता, मसाला लावता, तेव्हा उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) उत्पादक म्हणूनच करा, आणि पहिलं उधारीचं पार्सल निघण्याआधी करा.